दसऱ्याचं पाटीपूजन: घरच्या घरी सरस्वतीपूजा कशी करावी

दसऱ्याच्या सकाळी पाटावर पाटी, वह्या-पुस्तकं मांडून त्यांची पूजा करायची पद्धत महाराष्ट्रात घराघरात आहे. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती, तिच्यावर हळद-कुंकू, झेंडूचं फूल आणि आपट्याचं पान, एवढं बहुतेकांना आठवतं. पुढची पूजा मात्र अनेक घरांत घाईत आटोपते आणि मुलं नुसती बघत उभी राहतात. ही पूजा शिकणाऱ्याची आहे. मंत्र मोठ्यांनी सांगावेत, पण फूल, अक्षता, गंध हे सगळं मुलाच्या हातून वाहिलं जावं. खालची मांडणी त्याच हिशोबानं दिली आहे. वेदमंत्र येत नसले तरी नाममंत्रांनी ही पूजा पूर्ण होते.

दिवस कोणता

पंचांगात आश्विन शुक्ल पक्षात सरस्वतीचे चार दिवस ओळीनं दिलेले असतात. मूळ नक्षत्रावर आवाहन, पूर्वाषाढावर पूजन, उत्तराषाढावर बलिदान आणि श्रवणावर विसर्जन. हे दिवस नक्षत्रांवर ठरतात, म्हणून दरवर्षी तिथी थोडी मागे-पुढे होते. आवाहन साधारण षष्ठी-सप्तमीच्या आसपास येतं आणि विसर्जन दसऱ्याच्या जवळपास. ज्या घरात हे चारही दिवस पाळतात तिथे आवाहनाला पुस्तकं मांडतात आणि विसर्जनानंतरच उचलतात. बलिदान या शब्दानं दचकायला नको. घरच्या पूजेत त्या दिवशी नैवेद्यच दाखवतात.

बाकीच्या घरांत दसऱ्याची एक दिवसाची पूजा असते, आणि पहिल्यांदा करणाऱ्यांनी तीच करावी. दसरा साडेतीन मुहूर्तांपैकी एक असल्यानं विद्यारंभासाठी वेगळा मुहूर्त काढावा लागत नाही. पूजा सकाळी करावी. शमीपूजन, सीमोल्लंघन आणि सोनं वाटणं दुपारनंतरचं आहे, त्याची सकाळच्या पूजेशी गल्लत करू नये. घरात घट बसलेले असतील तर ते नवमीला उठवायचे की दशमीला, हे तुमच्या कुळाचारानं ठरेल. घट देवघरात असताना शेजारी सरस्वती मांडायला हरकत नाही, फक्त दुसरा कलश मांडायची गरज उरत नाही.

दसऱ्याला सुतक किंवा सोयर आलं तर माघ शुक्ल पंचमीला, म्हणजे वसंत पंचमीला ही पूजा करावी. तोही सरस्वतीचाच दिवस आहे. तेव्हा संकल्पात मात्र बदल करावा लागतो, तो पुढे सांगितला आहे.

आदल्या दिवशीची कामं

पूजा बिघडते ती बहुतेक वेळा तयारीत. मध्येच कापूस सापडत नाही, काडेपेटी स्वयंपाकघरात राहिलेली असते, कुणीतरी उठतं, आणि तेवढ्यात लहान मूल पळून गेलेलं असतं. म्हणून पुढचं सगळं आदल्या संध्याकाळी उरकून ठेवा.

पाटी धुऊन वाळत ठेवा. दुकानातून आणलेल्या नव्या पाटीवर कधी कधी गुळगुळीत थर असतो आणि पेन्सिल नुसती घसरते. कोळशाची पूड ओल्या फडक्यावर घेऊन पाटी दोन-तीनदा घासली आणि धुतली की रेघ उमटते. पाटी पूर्ण कोरडी व्हायला हवी. अर्धवट ओल्या पाटीवर काढलेली रेघ आधी दिसतच नाही, म्हणून माणूस तीच रेघ पुन्हा पुन्हा गिरवतो आणि वाळल्यावर सगळी आकृती जाडी-भरडी दिसते. पेन्सिलीचं टोक मात्र पाण्यात बुडवून घ्यावं. कोरड्या पाटीवर ओल्या टोकाची रेघ वाळल्यावर पांढरीशुभ्र उठते आणि हात लागून सहजासहजी पुसली जात नाही.

गेजवस्त्रं, म्हणजे देवाला वाहायच्या कापसाच्या वस्त्रमाळा, करून ठेवा, किमान दोन: एक गणपतीला, एक देवीला. फुलवाती तुपात भिजवून ठेवा. चार चमचे तांदूळ निवडून त्यातले तुटके दाणे काढा. अक्षता म्हणजे अखंड दाणे. त्यात चिमूटभर कुंकू आणि पाण्याचे दोन-तीन थेंब टाकून हलक्या हातानं कालवा. पाणी जास्त झालं तर अक्षता चिकटून गोळा होतात आणि पुस्तकांवर लाल डाग पडतात. कालवून ताटलीत पसरून ठेवल्या की सकाळपर्यंत कोरड्या होतात.

साहित्य आणि प्रमाण

चौरंग किंवा पाट साधारण दीड-दोन फूट लांबीचा. त्यावर अंथरायला स्वच्छ पांढरं वस्त्र. सरस्वतीची मूर्ती किंवा तसबीर असेल तर उत्तम, नसेल तर पाटीवरची सरस्वती पुरेशी आहे.

तांदूळ एकूण अर्धा ते पाऊण किलो लागतात. गणपतीच्या सुपारीखाली एक मूठ, देवीच्या सुपारीखाली एक मूठ, कलशाखाली दोन-तीन मुठी, अक्षतांचे चार चमचे आणि अक्षर गिरवायचं असेल तर पाव किलो वेगळे.

सुपाऱ्या पाच: एक गणपतीची, एक देवीची, एक कलशात, दोन विड्यांवर. विड्याची पानं चार, म्हणजे दोन विडे. कलशासाठी आंब्याची पाच पानं, ती मिळाली नाहीत तर आणखी पाच विड्याची. नारळ एक. सुटी नाणी तीन-चार.

हळद, कुंकू, गंध, उदबत्ती, कापूर, समईसाठी तेल, निरांजनासाठी तूप. गंध शक्य असेल तर सहाणेवर खोड उगाळून घ्यावं. त्याला पाच मिनिटं लागतात आणि हे काम सात-आठ वर्षांच्या मुलाला मनापासून आवडतं. पाणी थेंबाथेंबानंच घालायचं, नाहीतर गंध पातळ होऊन पाटीवर ओघळतो.

फुलं पांढरी असावीत: शेवंती, तगर, निशिगंध, जाई, जे मिळेल ते. दसऱ्याला झेंडू हवाच, पण देवीच्या मस्तकावर एक तरी पांढरं फूल ठेवा. दूर्वा गणपतीसाठी आणायच्या. दूर्वा देवीला आणि तुळस गणपतीला वाहत नाहीत. एकाच ताटात सगळी पत्री एकत्र ठेवली की नेमकी इथेच चूक होते, म्हणून दूर्वा वेगळ्या वाटीत ठेवा.

पंचामृताला दूध चार चमचे, दही दोन, तूप एक, मध अर्धा, साखर एक. यापेक्षा जास्त करू नका, उरतं आणि आंबतं. मध आणि तूप समप्रमाणात घेऊ नये असं आयुर्वेदात सांगितलं आहे, म्हणून मध निम्मा. पंचामृत तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नका. दह्याच्या आंबटपणानं धातू उतरतो आणि चव कळकते. चांदीची किंवा स्टीलची वाटी घ्या. घरात एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याच्या तोंडाला हे तीर्थ लावू नका. मध त्या वयात घातक ठरू शकतो.

याशिवाय ताम्हन, पळी-पंचपात्र, घंटा, पाण्याचा तांब्या, हात पुसायला फडकं आणि काडेपेटी. हे सगळं बसणाऱ्याच्या उजव्या हाताला, पाणी टाकायचं ताम्हन समोर.

पाटीवरची सरस्वती

एकाचे आकडे ओळीनं मांडायचे आणि त्यांच्या शेपट्या तिरप्या रेघांनी एकमेकींना जोडत न्यायच्या, ही या आकृतीची मूळ रीत. आकडे किती, ओळी किती, खाली बैठक काढायची की नाही, हे घरोघरी वेगळं असतं. आजीनं किंवा आईनं जशी काढली तशीच काढावी, त्यात बरोबर-चूक काही नाही. घरात कुणालाच आठवत नसेल तर शेजारच्या घरी विचारून एकदा पाहून घ्या. चित्र पाहिल्याशिवाय नुसत्या वर्णनावरून ती नीट येत नाही.

काढताना तीन गोष्टी सांभाळल्या की आकृती वाकडी होत नाही. पाटीच्या मधोमध उभी अगदी फिकट रेघ आखून घ्या आणि आकृती तिच्या दोन्ही बाजूंना सारखी वाढवा. आधी सगळ्या आकड्यांच्या जागी ठिपके द्या, मग आकडे, आणि जोडरेघा शेवटी. आणि चारी बाजूंना दोन बोटं जागा सोडा. हळद-कुंकू त्या मोकळ्या जागेत किंवा लाकडी चौकटीवर लावायचं असतं. आकृतीवरच चोळलं तर फूल वाहीपर्यंत सरस्वती पुसली गेलेली असते.

मुलाला काढायची असेल तर आदल्या दिवशी कागदावर दोन-तीनदा काढू द्या. पूजेच्या सकाळी त्याचा हात धरून मोठ्यांनी काढण्यापेक्षा त्यानं स्वतः काढलेली थोडी तिरकी सरस्वती केव्हाही चांगली. घरात पाटी नसेल तर नव्या वहीच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं काढा. शाईच्या पेनानं नको, ओलं गंध लागलं की शाई पसरते.

मांडणी

चौरंग असा ठेवा की पूजा करणाऱ्याचं तोंड पूर्वेला होईल. जागा नसेल तर उत्तरेला चालेल. वस्त्र अंथरा. मागच्या बाजूला पुस्तकांची चळत आणि तिला टेकून पाटी किंवा तसबीर उभी करा. पुस्तकांची चळत अरुंद असेल तर पाटी घसरते, म्हणून खाली सगळ्यात रुंद पुस्तक. पाटीपुढे मधोमध मूठभर तांदळाची रास करून त्यावर सुपारी ठेवा, ही देवीची. पूजा करणाऱ्याच्या डाव्या हाताला दुसऱ्या राशीवर गणपतीची सुपारी. उजवीकडे तांदळावर कलश.

कलश पाऊण भरा. गळ्यापर्यंत पाणी भरलं तर पानं आणि नारळ ठेवताना ते चौरंगावर सांडतं आणि वह्या भिजतात. पाण्यात सुपारी, नाणं, हळद-कुंकू, अक्षता, एक फूल. तोंडावर पाच पानं आणि त्यावर नारळ, शेंडी वर. नारळ डगमगत असेल तर कलशाचं तोंड लहान आहे. मोठा तांब्या घ्या किंवा लहान नारळ आणा, कापूस कोंबून बसवलेला नारळ आरतीच्या वेळी हमखास पडतो.

सगळी पुस्तकं मांडायचा हट्ट नको. प्रत्येकाचं एक पुस्तक, एक वही आणि एक पेन पुरे. पूजेतली पुस्तकं त्या दिवशी उघडत नाहीत, आणि सहामाही परीक्षा तोंडावर असलेल्या मुलाचं सगळं दप्तर चौरंगावर अडकलं तर पूजेवरच चिडचिड निघते. ज्याचा अभ्यास करायचा आहे ते पुस्तक बाहेर राहू द्या.

लॅपटॉप किंवा टॅब मांडणार असाल तर बंद करून, झाकण मिटून ठेवा. त्यावर पाणी शिंपडायचं नाही आणि अक्षता कळफलकावर नाहीत, झाकणावर वाहायच्या. घरात कुणी गाणं-बजावणं शिकत असेल तर वाद्य इथेच येतं. तबल्याला गंध-कुंकू लाकडी खोडावर लावा. पुडीच्या चामड्यावर किंवा तिच्या मधल्या काळ्या शाईवर ओलं काही लागलं की चामडं सैल होऊन स्वर उतरतो. हार्मोनियमच्या पट्ट्यांमध्ये अक्षता गेल्या तर सूर अडकतात, म्हणून पेटी मिटूनच पूजा करावी. शस्त्रं आणि हत्यारं यांची पूजा त्याच दिवशी असते, पण त्यांचा पाट वेगळा मांडा. लहान मुलांच्या हाताशी विळी-कोयता नको, एवढं कारण पुरेसं आहे.

समई पुस्तकांपासून किमान एक हात लांब, चौरंगाच्या खाली जमिनीवर. उदबत्तीचं घरही खालीच. वर फिरणारा पंखा बंद ठेवा. वाऱ्यानं वात विझते हे खरंच, पण उघड्या वहीचं पान उडून ज्योतीवर जाणं जास्त वाईट.

पूजेचा क्रम

सोळा उपचारांची पूजा पाऊण ते एक तास चालते. तीन-चार वर्षांचं मूल एवढा वेळ बसत नाही आणि त्याला बसवूही नये. अशा घरात गणपतिपूजनापासून स्नानापर्यंतचा भाग मोठ्यांनी उरकावा आणि गंध-फुलांच्या वेळी मुलाला बोलवावं. दहा वर्षांच्या पुढच्या मुलांनी सुरुवातीपासून बसावं.

आचमन. उजव्या तळहातावर पळीनं थोडं पाणी घेऊन तीनदा प्यायचं: ॐ केशवाय नमः, ॐ नारायणाय नमः, ॐ माधवाय नमः. चौथ्यांदा ॐ गोविंदाय नमः म्हणत पाणी ताम्हनात सोडायचं. पुढची नावं येत असतील तर म्हणावीत. यानंतर कुलदेवता, ग्रामदेवता, आई-वडील आणि गुरू यांचं स्मरण करून नमस्कार.

संकल्प. पंचांग जवळ ठेवा. शालिवाहन शकाच्या संवत्सराचं नाव, दक्षिणायन, शरद ऋतू, आश्विन मास, शुक्ल पक्ष, दशमी तिथी, वार, नक्षत्र या क्रमानं उच्चार करायचा. महाराष्ट्रात आपलं गाव गोदावरीच्या दक्षिण तीराला की उत्तर तीराला, हेही संकल्पात येतं. पुढचं वाक्य असं: 'मम विद्याप्राप्त्यर्थं श्रीसरस्वतीप्रीत्यर्थं यथाज्ञानेन यथामिलितोपचारद्रव्यैः श्रीसरस्वतीपूजनम् अहं करिष्ये.' मुलासाठी आई किंवा वडील संकल्प करत असतील तर 'मम' नंतर 'पुत्रस्य' किंवा 'कन्यायाः' घालावं. मग उजव्या हातावर पाणी घेऊन ताम्हनात सोडायचं. यथामिलित म्हणजे जे मिळालं त्यानं. एखादी वस्तू राहिली तर अक्षता वाहून पुढे जाण्याची मुभा संकल्पातच घेतलेली आहे, तेव्हा पूजा थांबवून बाजारात कुणाला पिटाळू नका.

वसंत पंचमीला पूजा असेल तर उत्तरायण, शिशिर ऋतू, माघ मास, पंचमी तिथी. नावात वसंत आहे म्हणून पुष्कळजण वसंत ऋतू म्हणतात, पण माघ महिना शिशिरात येतो.

गणपतिपूजन. सुपारीवर अक्षता वाहून आवाहन, मग गंध, अक्षता, कुंकू, फूल, दूर्वा, गेजवस्त्र, उदबत्ती, निरांजन आणि गुळ-खोबऱ्याचा छोटा नैवेद्य. प्रत्येक वेळी 'श्रीमहागणपतये नमः'. मग कलश, घंटा आणि समई यांना गंध, फूल, अक्षता. कलशातलं नव्हे, तांब्यातलं थोडं पाणी फुलानं पूजासाहित्यावर आणि स्वतःवर शिंपडायचं. पुस्तकांवर फूल नुसतं फिरवा.

ध्यान. हात जोडून सरस्वतीचा श्लोक म्हणावा:

या कुन्देन्दुतुषारहारधवला या शुभ्रवस्त्रावृता
या वीणावरदण्डमण्डितकरा या श्वेतपद्मासना ।
या ब्रह्माच्युतशंकरप्रभृतिभिर्देवैः सदा वन्दिता
सा मां पातु सरस्वती भगवती निःशेषजाड्यापहा ॥

शेवटचा शब्द मुलं 'जाड्या पहा' असा तोडतात. जाड्य म्हणजे बुद्धीचं जडपण, ते उरलंसुरलं सगळं दूर करणारी ती, हा अर्थ एकदा सांगितला की शब्द आपोआप नीट जोडला जातो.

आता देवीचे उपचार. प्रत्येक उपचाराआधी 'श्रीसरस्वत्यै नमः' मुलानं मोठ्यानं म्हणायचं, पुढचं वाक्य सांगणाऱ्यानं:

आवाहयामि. पाटीवर आणि सुपारीवर अक्षता.
आसनार्थे अक्षतान् समर्पयामि. पुन्हा अक्षता.
पादयोः पाद्यं समर्पयामि. पळीभर पाणी.
हस्तयोः अर्घ्यं समर्पयामि. पाण्यात गंध, फूल, अक्षता घालून.
आचमनीयं समर्पयामि. पळीभर पाणी.
स्नानं समर्पयामि.

स्नानापाशी बहुतेकजण अडतात. पाटीला आणि तसबिरीला अंघोळ घालता येत नाही, म्हणूनच देवीची वेगळी सुपारी मांडली आहे. पाद्यापासूनचं सगळं पाणी तिच्यासाठीच. आवाहन-आसनाच्या अक्षता वाहून झाल्या की ती ताम्हनात घ्या. स्नानाला दूध, दही, तूप, मध, साखर या क्रमानं घाला आणि प्रत्येकानंतर पळीभर शुद्ध पाणी. पंचामृत आधीच एकत्र केलं असेल तर एकदाच घालून शुद्धोदक घालावं. वेळ असेल तर सुपारीवर पाण्याची संथ धार धरून 'ॐ ऐं सरस्वत्यै नमः' हा मंत्र मुलाकडून म्हणवून घ्या, जितका वेळ त्याचं लक्ष टिकेल तितका. मग सुपारी कोरडी पुसून जागेवर ठेवा. ओली ठेवली तर खालचे तांदूळ भिजून वस्त्राला चिकटतात.

वस्त्रोपवस्त्रार्थे कार्पासवस्त्रं समर्पयामि. गेजवस्त्र.
यज्ञोपवीताच्या (जानव्याच्या) जागी देवीला कंचुकी, म्हणजे चोळी, त्यासाठी अक्षता वाहिल्या तरी चालतात.
विलेपनार्थे चन्दनं समर्पयामि. गंध अनामिकेनं, आधी सुपारीला, मग पाटीच्या चौकटीला, पुस्तकांना.
हरिद्रां कुंकुमं सौभाग्यद्रव्यं समर्पयामि. पुस्तकाच्या वेष्टणावर कोरडी चिमूट पुरे. हळद कालवून लावली तर तिचा डाग कायमचा राहतो.
ऋतुकालोद्भवपुष्पाणि समर्पयामि. फुलं निथळून कोरडी करून वाहा. पाण्यातून काढलेला झेंडू वहीवर पिवळा गोल उमटवतो.

फुलांबरोबरच आपट्याची पानं वाहायची. विद्येच्या पूजेत हे पान शोभतं त्याला कारण आहे. वरतंतु ऋषींचा शिष्य कौत्स चौदा विद्या शिकला आणि गुरुदक्षिणेचे चौदा कोटी सुवर्ण रघुराजाकडे मागायला गेला. रघूसाठी कुबेरानं सोन्याचा वर्षाव केला, आणि लोककथेत तो आपट्याच्या झाडावर झाला. पूजा चालू असताना मुलांना ही गोष्ट थोडक्यात सांगावी, फुलं वाहायची वेळ त्याला अगदी योग्य आहे. बाजारात आपटा म्हणून कांचनाची पानं सर्रास विकतात. आपट्याचं पान लहान असतं आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त, कांचनाचं मोठं. एक-दोन पानं पूजेला पुरतात, झाडाच्या फांद्या ओरबाडून आणलेले गठ्ठे घेऊ नका.

धूपं आघ्रापयामि. उजव्या हातानं उदबत्ती ओवाळायची, डाव्या हातानं घंटा.
दीपं दर्शयामि. तुपाचं निरांजन.

नैवेद्य. पाण्यानं चौकोन काढून त्यावर ताट. दूध-साखर, पेढे, खीर, केळं यांपैकी काहीही चालतं. दुपारी श्रीखंड-पुरीचं पान वेगळं दाखवणार असाल तर सकाळी दूध-साखरेची वाटी पुरे. नैवेद्याच्या पानात मीठ वाढत नाहीत. ताटाभोवती पाणी फिरवून 'प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा, व्यानाय स्वाहा, उदानाय स्वाहा, समानाय स्वाहा, ब्रह्मणे स्वाहा'. मग विडा, देठ देवीकडे, त्यावर सुपारी आणि नाणं.

आरती. आधी गणपतीची, मग देवीची. कापूर लावायचा असेल तर तो आरतीच्या ताटात, चौरंगापासून दूर. नंतर नमस्कार, जागच्या जागी प्रदक्षिणा आणि मंत्रपुष्पांजली. ओंजळीतली फुलं फेकू नयेत, देवीपुढे सोडावीत.

वेळच नसेल तर गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य हे पाच उपचारही पुरतात. त्याला वीस मिनिटं लागतात आणि त्यात काही उणं नाही.

अक्षर गिरवणं

पहिल्यांदा लिहिणाऱ्या मुलासाठी आरतीनंतर विद्यारंभ करायचा. जुन्या रितीप्रमाणे हा पाचव्या वर्षी होतो. हल्ली शाळा तिसऱ्या-चौथ्या वर्षी सुरू होते म्हणून तेव्हाही करतात.

फूटभर व्यासाच्या ताटात पाव किलो कोरडे तांदूळ सारखे पसरा. थर अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास होतो आणि बोटानं रेघ ओढली की खाली ताट चमकतं, अक्षर स्पष्ट दिसतं. अर्धा किलो ओतला तर थर जाड होतो आणि बोट पुढे गेलं की मागची रेघ बुजत जाते, मुलाला काही उमटलेलंच दिसत नाही.

मुलाला आईच्या, वडिलांच्या किंवा आजी-आजोबांच्या मांडीवर बसवा. त्याच्या हातून देवीला अक्षता वाहवून हा श्लोक म्हणा:

सरस्वति नमस्तुभ्यं वरदे कामरूपिणि ।
विद्यारम्भं करिष्यामि सिद्धिर्भवतु मे सदा ॥

मग त्याचं बोट धरून तांदळात आधी 'श्री' किंवा 'ॐ', त्याखाली जमलं तर 'श्री गणेशाय नमः'. पूर्वी 'ॐ नमः सिद्धम्' लिहवून घेत. 'श्री' तीन वर्षांच्या मुलाला अवघड जातं, तेव्हा हात मोठ्यांनीच चालवायचा. त्यानंतर एक 'अ' किंवा एकाचा आकडा त्याला एकट्याला काढू द्या आणि तो कसाही आला तरी खोडून पुन्हा काढायला लावू नका. तांदळानंतर पाटीच्या मागच्या बाजूवर पेन्सिलीनं तेच अक्षर. मूल डावखुरं असेल तर अक्षता उजव्या हातानं वाहवा, पण लिहायला त्याचा डावा हातच धरा.

मूल रडायला लागलं तर तिथेच थांबा. 'श्री' उमटलं की विद्यारंभ झाला. फोटोसाठी हात तसाच धरून ठेवू नये, रडं बहुतेक वेळा त्यानंच सुरू होतं. या तांदळाची खीर किंवा भात त्याच दिवशी करून घरातल्यांना वाढतात.

उत्तरपूजा आणि आवराआवर

मांडलेली पूजा दुसऱ्या सकाळपर्यंत राहू द्यावी. चार दिवसांची पूजा असेल तर विसर्जनाच्या दिवशी, एक दिवसाची असेल तर एकादशीला सकाळी गंध, फूल, अक्षता वाहून, दूध-साखर दाखवून 'पुनरागमनाय च' असं म्हणत सुपाऱ्यांवर अक्षता वाहायच्या आणि चौरंग किंचित हलवायचा. सुपाऱ्या पुन्हा पुढच्या पूजेला वापरता येतात, कीड लागलेली मात्र नको.

कलशातलं पाणी आंब्याच्या पानानं घरात शिंपडून उरलेलं झाडांना घाला. नारळ फोडून प्रसाद वाटा. कलशाखालचे आणि राशींचे तांदूळ धुऊन शिजवा, त्यात कुंकू फार मिसळलं असेल तर पक्ष्यांना घालण्याऐवजी मातीत मिसळा. निर्माल्य कुंडीत किंवा खतखड्ड्यात. पुस्तकांवरची हळद मऊ कोरड्या ब्रशनं झटका, ओल्या फडक्यानं पुसली तर ती कागदात मुरते.

पाटीवरची सरस्वती स्वच्छ ओल्या फडक्यानं पुसायची. थुंकीनं पाटी पुसायची सवय मुलांना असते, ती या दिवशी तरी मोडावी. पाटी वाळली की त्याच दिवशी त्यावर मुलाकडून काहीतरी लिहवून घ्या आणि मांडलेल्या पुस्तकातलं एक पान वाचून घ्या. मोठ्या मुलांनी अडलेलं एखादं गणित त्यावर सोडवलं तरी चालेल.